दोन फुटी टाकी आणि सोलापूरचा उन्हाळा

जुळे सोलापुरातल्या एक-दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शोभेचे मासे पाळायचे तर जागेच्या हिशेबाने दोन फुटी टाकी बसते. तिची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३० सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर ५४ लिटर पाणी. तळाची वाळू, गाळणी, झाडे आणि वर सोडलेली थोडी जागा वजा केली की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी उरते. किती आणि कोणते मासे ठेवायचे, हे या ४५ लिटरांवर ठरते. दुकानात अशा टाकीसाठी बारा-पंधरा मासे सहज दिले जातात, आणि ऑक्टोबरात भरलेली अशी टाकी फेब्रुवारीपर्यंत छानही दिसते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की त्याच टाकीतले मासे सकाळी पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि एकेक करून मरतात. म्हणून सोलापुरात माशांची संख्या मे महिन्यातल्या सर्वांत तापलेल्या आठवड्याला झेपेल एवढी धरावी. बाकीचे दहा महिने टाकी थोडी रिकामी वाटली तरी चालेल.

यामागचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतात. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. एक रूप बरेचसे निरुपद्रवी असते, दुसरे कल्ले जाळणारे विष असते. कोणत्या रूपाचे प्रमाण किती, हे पाण्याचा पीएच आणि तापमान ठरवतात. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ आणि तापमान ३० अंश झाले की तेच प्रमाण सात टक्क्यांच्या पुढे जाते. मासे तेवढेच, खाणे तेवढेच, पण विष बारा-तेरा पट. सोलापूरचे पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून येते. बोअरच्या पाण्याने नळांवर आणि गिझरमध्ये जमणारा पांढरा थर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. असे जड पाणी बहुधा पीएच ८ कडे झुकलेले असते. म्हणजे विष वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे एकत्र येतात.

त्यात प्राणवायूच्या तुटवड्याची भर. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो सातच्या आसपास येतो. उलट गरम पाण्यात माशाची चयापचयाची गती वाढते आणि त्याला जास्त प्राणवायू लागतो. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते ती एकाच वेळी.

टाकीची जागा आधी ठरवावी, मासे नंतर. भरलेल्या दोन फुटी टाकीचे वजन ६५ ते ७० किलो होते. ते प्लॅस्टिकच्या टीपॉयवर किंवा शोकेसच्या फळीवर सोपवू नये. सपाट, न हलणारे टेबल किंवा लोखंडी स्टँड आणि काचेखाली थर्माकोलची शीट एवढे पुरते. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून तिला टाकी लावू नये. सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब तापत असल्याने टाकी कपाटाच्या उंचीवर न ठेवता खाली ठेवावी. खिडकीचे थेट ऊन पडले तर शेवाळ माजते. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ आणि तेलाचा तवंग पाण्यावर बसतो.

एका गोष्टीकडे जवळपास सगळ्यांचेच दुर्लक्ष होते, ती म्हणजे डासांवरची औषधे. कॉइल, प्लगमध्ये लावायचे द्रव औषध आणि फवारे यांत पायरेथ्रॉइड वर्गातली रसायने असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, पण माशांना ती अगदी थोडीही घातक ठरतात. टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे औषधही पाण्यात जाते. टाकी असलेल्या खोलीत ही साधने वापरू नयेत, मच्छरदाणी किंवा खिडक्यांना जाळी हा उपाय बरा. पावसाळ्यात वस्तीत धूरफवारणी सुरू झाली की खिडक्या लावून टाकीवर ओले कापड टाकावे आणि धूर ओसरेपर्यंत, अर्धा तासभर, पंप बंद ठेवावा.

टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे बहुतेक घरांत होते. पहिल्या महिन्यातले बहुतांश मृत्यू यामुळेच होतात. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीच्या स्पंजवर, वाळूवर आणि काचेवर हळूहळू वाढतात. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत वाळू, झाडे आणि चालू गाळणी असावी आणि रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो. थेंबांनी तपासायचा अमोनिया आणि नायट्राइटचा संच घ्यावा. दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आणू नये. पीएच आणि जडपणाही याच वेळी एकदा तपासून ठेवावा.

गाळणी म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लहान टाकीला सर्वांत योग्य. तो थोड्या विजेवर चालतो, पाणी हलते ठेवतो आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नये, कारण क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो दोन-तीनदा पिळावा.

आता मासे किती. दुकानदार आणि जुनी पुस्तके सांगतात ते सूत्र असे: माशाच्या पूर्ण वाढीच्या एका इंचाला चार लिटर पाणी. ४५ लिटरांत त्यानुसार अकरा इंच मासे बसतात. हे सूत्र दोन इंचांपर्यंतच्या सडपातळ माशांनाच लागू पडते. मासा लांबीत दुप्पट झाला की वजनात सुमारे आठपट होतो, त्यामुळे एक-एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा यांचा हिशेब कधीच सारखा नसतो. सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी या अकरा इंचांतलेही एक तृतीयांश सोडून द्यावेत. उरतात सात-आठ इंच. दोन फुटी टाकीची खरी क्षमता एवढीच.

या सात-आठ इंचांत कोणते मासे बसवायचे, हे आधी पाण्याला विचारावे. जड, क्षारयुक्त पाण्यात मुळातच मजेत राहणारे मासे घेतले तर पाण्याचे गुणधर्म बदलण्याचा खटाटोप उरत नाही. पिल्ले देणारे मासे, म्हणजे गप्पी, प्लॅटी आणि मॉली, या गटात येतात. गप्पी तर महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. हिवताप आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते हाच मासा हौदांत आणि डबक्यांत सोडते. तो मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. १८६६ मध्ये त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि त्यांचे नाव माशाला चिकटले. भरजरी शेपटीचे गप्पी पिढ्यान्पिढ्या जवळच्या नात्यात वाढवलेले असल्याने नाजूक असतात. साध्या शेपटीचे, थोडे कमी रंगीत गप्पी सोलापूरच्या हवेत जास्त टिकतात आणि तेच घेणे शहाणपणाचे.

गप्पी घेताना नर आणि मादी यांची निवड हाच कळीचा मुद्दा आहे. मादी साधारण चार आठवड्यांत वीस-तीस पिल्ले देते. एकदा झालेल्या संगानंतर ती शुक्राणू साठवून ठेवते आणि नराशिवायही पुढचे कित्येक महिने विते. दोन नर आणि तीन माद्यांची टाकी त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत शंभर माशांची होऊ शकते. जागा कमी असेल तर सहा नर घ्यावेत, मादी एकही नको. नर रंगीत असतो आणि त्याच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो. मादीचा तोच पर पंख्यासारखा पसरट असतो. प्लॅटीतही खूण हीच. सहा नर गप्पी म्हणजे सुमारे सात इंच, टाकी पूर्ण. थोडी विविधता हवी असेल तर तीन नर गप्पी आणि तीन नर प्लॅटी यांचा मेळ छान जमतो. दोघांना पाणी एकच लागते, खाणे एकच, आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. मॉलीलाही हे पाणी मानवते, पण तिची वाढ तीन-चार इंचांपर्यंत होते. तिला तीन फुटी टाकी हवी.

झेब्रा डॅनिओ हा आपल्याच देशातला मासा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ओढे आणि भातखाचरांकाठची पाणथळे हे त्याचे घर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे हाच मासा जगभरच्या प्रयोगशाळांत जनुकशास्त्राच्या अभ्यासासाठी वापरला जाऊ लागला. थंडी आणि उन्हाळा दोन्ही सोसण्याची त्याची ताकद मोठी आहे. तो कळपात राहतो, एकटादुकटा ठेवला तर बिथरतो आणि इतरांना छळतो. सहा झेब्रा घ्यावेत. इंचांचा हिशेब थोडा पुढे जातो, पण अंग सडपातळ असल्याने तेवढी सूट देता येते. मात्र त्यांच्यासोबत गप्पी नको, कारण झेब्राची सततची धावपळ आणि शेपट्या कुरतडण्याची सवय मंद पोहणाऱ्या गप्पीला सोसत नाही. झेब्रा उडी मारतो, म्हणून टाकीला झाकण असलेच पाहिजे.

तिसरा पर्याय हनी गोरामी. बंगाल-आसामकडचा हा मधाच्या रंगाचा, दीड-दोन इंचांचा लाजाळू मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. त्यासाठी त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर खास अवयव असतो, आणि मे महिन्यात तो उपयोगी पडतो. एक जोडी आणि तीन नर प्लॅटी, एवढ्यावर टाकी थांबवावी. लपायला पाण्यावर तरंगणारी झाडे द्यावीत. दुकानात गोरामी मागितला तर बहुधा निळा गोरामी दाखवतात. तो चार-पाच इंचांचा होतो आणि नर भांडखोर असतो, म्हणून नाव पूर्ण सांगून घ्यावे.

एक फुटी टाकीत, म्हणजे १५ ते २० लिटर पाण्यात, एकच मासा शोभतो: फायटरचा एक नर. दोन नर एकत्र आले की झुंज मरेपर्यंत चालते, आणि गप्पीची झुलती शेपटी पाहूनही तो चवताळतो. हवेतून श्वास घेणे त्यालाही जमते आणि उष्णताही तो बऱ्यापैकी सोसतो. पण त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवणे चुकीचे आहे. दोन लिटर पाण्यात अमोनिया दोन दिवसांत साठतो आणि दुपारी तेवढे पाणी पाहता पाहता तापते.

न घेण्याच्या माशांत पहिले नाव गोल्डफिशचे. मनाला ते पटणे अवघड जाते, कारण टाकी म्हटली की डोळ्यांसमोर तोच येतो. गोल्डफिश हा थंड पाण्यातला कार्प कुळातला मासा आहे. तो सहा-आठ इंच वाढतो, सतत खातो आणि तितकीच घाण करतो. दोन फुटी टाकीत तो एकटाही सुखात राहत नाही. वास्तू किंवा फेंगशुईच्या श्रद्धेने आठ लाल आणि एक काळा असे नऊ मासे ठेवायची पद्धत आहे. ती पाळायची असेल तर तीन फुटी टाकीत आठ लाल आणि एक काळा असे नऊ नर गप्पी ठेवावेत. संख्या आणि रंग दोन्ही राखले जातात आणि मासे जगतात.

निऑन टेट्रा अॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. सोलापुरात त्याच्यासाठी कायम आरओचे पाणी मिसळत बसावे लागते आणि उन्हाळ्यात तरीही तो खंगतो. टायगर बार्ब लांब पर असलेल्या कुणालाही कुरतडतो. एंजल उंच वाढतो, त्याला दीड फूट खोल पाणी हवे, आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. दुकानातला दोन इंची ‘शार्क’ बहुधा पंगासियस असतो. शेततळ्यात खाण्यासाठी वाढवला जाणारा हा मासा हातभराहून मोठा होतो. ऑस्कर फूटभर वाढतो. फ्लॉवरहॉर्न माणसाने संकरातून तयार केलेला असून त्याला स्वतंत्र, दोनशे लिटरांची टाकी लागते. काच साफ करतो म्हणून सोबत दिला जाणारा सकरही फूट-दीड फूट वाढतो आणि शेवाळ खातो त्याहून जास्त विष्ठा टाकतो. शेवाळावर उपाय म्हणजे दिवा सहा ते आठ तासच लावणे आणि आठवड्यातून एकदा चुंबकी ब्रशने काच पुसणे.

मासे एकदम आणू नयेत. आधी तीन, मग दोन आठवडे अमोनिया तपासून बाकीचे. भारतात शोभेच्या माशांची पैदास मुख्यतः कोलकात्याच्या परिसरात आणि चेन्नईतल्या कोळत्तूर भागात होते. तिथून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत लांबचा प्रवास करून आलेला मासा थकलेला असतो. दुकानात नवा माल आला त्या दिवशी खरेदी टाळावी, पसंत केलेले मासे आठवडाभर दुकानातच राहू द्यावेत आणि जे टिकले ते घ्यावेत. पर मिटलेले, अंगावर पांढरे ठिपके असलेले किंवा कोपऱ्यात लटकलेले मासे ज्या टाकीत दिसतील, त्या टाकीतला निरोगी मासाही घेऊ नये. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तिच्यात टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पाणी बदलण्याचे वेळापत्रक इथे नळावर अवलंबून असते. शहरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. ताज्या पाण्यात क्लोरीन असते, साठवलेल्या पाण्यातून ते एक-दोन दिवसांत उडून जाते. म्हणून पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, साठवणीतल्या पाण्याने टाकीचे पाव पाणी बदलावे. आठवड्यातून एकदा असे केले की पुरते. ताजेच पाणी वापरणे भाग पडले तर सोडियम थायोसल्फेटचे, दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे थेंब आधी टाकावेत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात दुपारी हात भाजेल इतके तापते. बादली पहाटे भरून घरात ठेवावी आणि दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे झाल्यावरच बदल करावा. टँकरचे किंवा बोअरचे पाणी आले असेल तर एका वेळी दहावा हिस्साच बदलावा, कारण जडपणातला अचानक फरक मासा सहन करत नाही.

उन्हाळ्यात रोज बोटभर पाणी उडून जाते. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागे राहतात. ही घट नळाच्या पाण्याने भरून काढत राहिले तर दोन महिन्यांत टाकीचे पाणी खारट म्हणावे इतके जड होते. उडालेले पाणी आरओच्या शुद्ध पाण्याने भरावे आणि काढून टाकलेले पाणी नळाच्या साठवणीतल्या पाण्याने. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी सर्वांत जड असते, ते टाकीत कधीच घालू नये.

पाणी थंड ठेवायला सोलापूरची कोरडी हवाच मदत करते. झाकणाऐवजी जाळी लावून पृष्ठभागावर लहान टेबल फॅनचा झोत सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंश खाली येते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर उत्तमच. बर्फाचे खडे किंवा गोठवलेली बाटली टाकीत टाकू नये, तासाभरात पाच अंशांचा झोका बसून मासे आजारी पडतात. काचेला चिकटवायचा साधा थर्मामीटर स्वस्त असतो. तो ३१ च्या वर गेला की खाद्य निम्म्यावर आणावे आणि दिवा बंद ठेवावा. वीज गेली की गाळणी थांबते आणि भरगच्च टाकीत प्राणवायू काही तासांत संपतो. हवेचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर जोडून ठेवावा, किंवा बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा. हिवाळ्यात मात्र काळजी उलटी: डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो तेव्हा गप्पी आणि फायटरसाठी ५० वॅटचा हीटर २४ अंशांवर लावावा. झेब्राला तो लागत नाही.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढे. मोठे झालेले निरोगी मासे पाच-सहा दिवस उपाशी राहू शकतात. चार दिवस गावी जायचे असेल तर टाकी तशीच सोडावी. त्याहून लांबचा प्रवास असेल तर शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊ नये, एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्याव्यात.

नको झालेले, वाढलेले किंवा जास्त झालेले मासे सिद्धेश्वर तलावात, संभाजी तलावात किंवा कुठल्याही ओढ्या-नदीत सोडू नयेत. त्यात भूतदया वाटते, पण बाहेरचा मासा तिथे जगला तर स्थानिक माशांची अंडी आणि अन्न खातो. उजनी जलाशयात चिलापीने मूळच्या माशांची जागा कशी घेतली ते भीमेकाठचे मच्छीमार सांगतात, आणि शोभेच्या टाक्यांतून सुटलेला सकर तर जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. असे मासे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. साधे गप्पी असतील तर इमारतीच्या कारंज्यात किंवा बांधीव हौदात सोडता येतात, फक्त तो हौद पावसात भरून नाल्याला मिळणारा नसावा.